मी न दिलेलं उत्तर

माझं लग्न इंग्रजी भाषेमुळे मोडता मोडता राहिलं, आणि त्यात माझी काडीइतकीही चूक नव्हती. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. घरात कुणी ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

जवळा बाजारच्या आसपासच्या गावांत बी.ए. झालेला मी पहिला. राज्य निजामाचं, शाळा-कचेऱ्या उर्दूत; इंग्रजी म्हणजे तार आली की ती वाचणारा शोधत हिंडायचं, एवढाच तिचा नि गावाचा संबंध. मी हैदराबादहून ती शिकून आलो, तेव्हा आबांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः सही म्हणून अंगठा उठवणारे) बाजारच्या दिवशी भेटेल त्याला उभं करून सांगितलं, "आता इंग्रजाचा एक बी शब्द आमच्या दत्ताच्या हातून सुटत न्हाई." मी खोडून काढलं नाही. खोटं कशाला बोला?

सोयरीक झाली सेनगावच्याही पलीकडच्या एका गावात. तिथून वऱ्हाडची हद्द जवळ, आणि वऱ्हाडात राज्य इंग्रजाचं. नवरीचे मामा तिकडे अकोल्याला कापसाच्या जिनात मुकादम होते. गोऱ्या साहेबाच्या शिव्या त्यांनी स्वतःच्या कानांनी खाल्ल्या होत्या. म्हणजे त्या गावात इंग्रजीची गादी आधीच भरलेली होती, आणि मी तिच्यावर बसायला घोडीवरून निघालो होतो.

मुहूर्त गोरजाचा. आषाढ तोंडावर आलेला. जोशीबुवांनी बजावून ठेवलं होतं, "ही वेळ चुकली की मग तुळशीच्या लग्नानंतर बघू." त्यात लढाई चालू, रॉकेल मिळेना. मांडवात एकच गॅसबत्ती, तीही अर्ध्या पोटाची. सगळं उजेडात उरकणं भाग होतं.

तिकडे चाल अशी, की नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन मांडवाकडे निघाला, की नवरीकडचे लोक घोडी अडवतात आणि एक सवाल टाकतात. सवाल टाकणारा "बराबर" म्हणून नारळ देईपर्यंत घोडीनं पाऊल उचलायचं नाही. सवाल सोपाच असतो, एखादं कोडं, नाहीतर रामायणातलं काहीतरी. हसायचं, नारळ घ्यायचा, पुढे निघायचं. माझ्या वेळी मात्र मामा पुढे आले. त्या उकाड्यात कोट घालून.

"सांगा नवरदेव," घोडीचा लगाम धरून ते म्हणाले, "रन म्हंजे काय?"

आमची मंडळी खूश झाली. आबांनी मिशीला हात लावला. आता इथे मी काय करायला हवं होतं, ते आजवर मला सगळ्यांनी सांगून झालं आहे. पण तुम्हीच विचार करा. ज्या शब्दाला डिक्शनरीत पानंच्या पानं दिली आहेत, त्याचा सगळ्यांत वरचा, पायाखाली आलेला अर्थ सांगून नारळ घ्यायचा? मग खाणावळीतली ती पाण्यासारखी डाळ मी हैदराबादला कशासाठी प्यायलो? मामांनी खोलातलं विचारलं असणार. खोलातलंच द्यायचं.

"वाहणे," मी म्हणालो. "नदी वाहते, नाक वाहतं. दोन्हीला रन."

मामांनी मान हलवली. "न्हाई."

"चालवणे. दुकान चालवतात, जिन चालवतात."

"न्हाई."

नवरीकडच्यांनी टाळ्या पिटल्या. मी घोडीवर जरा ताठ बसलो. "धुण्यात कपड्याचा रंग जातो, तेही रन."

"नवरदेव," मामा अगदी मायेनं म्हणाले, "मी इंग्रजीतला रन इचारून राह्यलो. धोब्याचा न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या गृहस्थाला एकच अर्थ ठाऊक होता. आणि तिथेच, बाशिंगाखाली घाम पुसत, मी ठरवलं, की जीव गेला तरी तो अर्थ आपल्या तोंडून निघायचा नाही.

"निवडणुकीला उभं राहणे," मी म्हणालो.

नवरीकडचा एक म्हातारा पुढे सरकला. "उभं राहनं? त्याला रन?"

"व्हय. आपण निवडणुकीला उभे राहतो, इंग्रज पळतो."

"तवाच ते राज्य करून राह्यले," म्हातारा म्हणाला, आणि त्यावर बराच वेळ दोन्हीकडची मंडळी गंभीर होती.

एवढ्यात आबांनी माझ्या रिकिबीतल्या पायाला चिमटा काढला. "दत्ता, लेका, पळणं म्हन."

मी चकित झालो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आरं, समद्या गावाला ठावं हाय. मामानं आठ दिस झाले घोकून घेतलंय गावाकडून. आपल्या बायकांनी सकाळीच विहिरीवरून आणलं."

म्हणजे गावातल्या म्हशींखेरीज सगळ्यांना उत्तर येत होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. दया येऊन! बी.ए. माणसाकडे!

"तो अर्थ मी सांगणार नाही," मी म्हणालो. "चौथीतलं पोरगं सांगेल तो."

"मंग चौथीतल्या पोराचं लगीन लावू का?" आबा म्हणाले.

घोडीवाले करीमचाचा आता मध्ये पडले. "दूल्हे मियाँ, भागना बोल देव जी. घोडी सुबह से भूकी है."

"चाचा, घोडी थांबेल. माघार घेता येणार नाही."

घोडीनं मान खाली घातली. रानातून गुरं परतू लागली, धूळ उठली. जोशीबुवा पंचांग काखेत मारून मांडवातून पळत आले. "दत्तराव, गोरज झाली. आटपा."

"बुवा, बरेच अर्थ बाकी आहेत."

मामाही हटेनात. एकदा टाकलेला सवाल मागे घेतला असता तर अकोल्याच्या साहेबाचं नाक गेलं असतं. मी सांगत होतो, ते "न्हाई" म्हणत होते. मग मांडवाकडून नवरीची आत्या पदर खोचून आली आणि थेट घोडीपुढे उभी राहिली.

"पोरगी इचारून राह्यली, नवरदेवाला अर्थ येऊनच न्हाई राह्यला, का लई येऊन राह्यले?"

"लई," मी अभिमानानं म्हणालो.

"मंग ती म्हनते, लगीन बी येकीशीच लागतं. येकच सांगा."

"तिला म्हणावं, अर्धवट उत्तर देणारा नवरा तिला शोभणार नाही."

"अंधारात हार घालनारा बी शोभत न्हाई," आत्या म्हणाली आणि आल्या वाटेनं गेली.

मांडवात गॅसबत्ती पेटली. आबांनी त्या बत्तीकडे पाहिलं, मग मामांकडे, मग माझ्याकडे. बाजारात भेटेल त्याला सांगितलेलं ते वाक्य त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी पागोटं सारखं केलं आणि पुढे झाले.

"पळणं," आबा म्हणाले. "घोडं पळतं, ते. आना नारळ."

"बराबर!" मामांनी आबांना मिठीच मारली. "याहीबुवा, इंग्रजी कुठं शिकले?"

"घरीच," आबा म्हणाले. "पोराला शिकवता शिकवता आलं."

हे उत्तर अपूर्ण आहे, असं मी घोडीवरून मोठ्यानं सांगितलं. पण करीमचाचांनी चाबूक उचललाच होता. उरलेले अर्थ मी मांडवापर्यंत सांगत गेलो. ताशेवाल्यांनी ते कुणाला ऐकू दिले नाहीत. बत्तीनं अंतरपाट दूर होईपर्यंत दम धरला आणि मग ती विझली. शेवटच्या अक्षता कुणी कुणावर टाकल्या, हे देवाला माहीत.

तेव्हापासून आमच्या गावात तार आली, की लोक ती आबांकडे आणू लागले. आबा ती डोळ्यांजवळ धरत, दोनदा मान हलवत आणि मला हाक मारत, "दत्ता, बघ बरं, मला आलं तेच तुला बी येतं का."

पण खरा निकाल लागला तो वरात घरी आली तेव्हा. आमच्या उंबऱ्याशी बायकांनी नवरी अडवली. नाव घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मी मागेच उभा होतो. म्हटलं, आता हिला कळेल अडवणं म्हणजे काय. तिनं क्षणभरही विचार केला नाही.

"मामंजींनी दिलं उत्तर, म्हणून लागलं लगीन,
दत्तरावांचं इंग्रजी मी सवडीनं बघीन."

निजाम गेला, इंग्रज गेला, रॉकेल मिळू लागलं. तिला अजून सवड झालेली नाही.