चहावाल्याचं नाव

मृत्यू सगळ्यांना समान करतो, असं म्हणतात. शिरूरच्या आमच्या शेजारच्या आबांना हे मान्य नाही. दौंडला रेल्वेत असताना रुळांवरची प्रेतं उचलायचं काम त्यांच्याकडे होतं. "नाव कळलेलं हलकं लागतं," ते म्हणतात. "त्याला न्यायला कुणीतरी येतं." शिरूरला रेल्वे नाही, म्हणून निवृत्तीनंतर ते इथे राहायला आले. तरी दर सोमवारी दौंडच्या जुन्या सोबत्याला फोन करून, त्यांनी उचललेल्या एका अनोळखी माणसाबद्दल विचारतात, "निळ्या स्वेटरवाल्याचं कुणी आलं का?" कुणी आलेलं नसतं.

परवा धावत्या गाडीतल्या खुनांचा एक सिनेमा टीव्हीवर घरबसल्या बघायची सोय झाली, म्हणून मी त्यांना दुपारी बोलावलं. पहिला खून चहावाल्याचा होता. दुसरा एका उद्योगपतीचा झाला आणि इन्स्पेक्टर चहावाल्याला विसरला.

"चहावाल्याचं नाव काय?" आबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"सांगितलंच नाही, आबा. खुनी कोण ते बघा ना."

"खुनी त्यो टीसी हाय. ते सोडा."

खुनी टीसीच निघाला. शेवटी नावांची यादी सरकू लागली, तसे आबा चष्मा पुसून टीव्हीपुढे जमिनीवर जाऊन बसले. "हितं असंल," म्हणाले. नायक, नायिका, इन्स्पेक्टर, उद्योगपती अशी नावं त्यांनी पडद्यावर बोट ठेवून वाचली. तेवढ्यात यादी आक्रसून कोपऱ्यात गेली. मी रिमोट शोधेपर्यंत पुढचा सिनेमा आपोआप सुरू झाला होता.

तो विनोदी होता.