मयताचा फोटो पायजे

आमच्या समाजाच्या रुद्रभूमीला जायला रस्ता न्हाई. मधी ओढा हाय. पावसाळ्यात कमरेइतकं पाणी असतं आन् त्यातूनच मयत न्यावी लागते. आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून नेतात आन् बसवूनच पुरतात. ओढ्यावर पूल व्हावा म्हणून आण्णा, म्हंजी माझे वडील, ग्रामपंचायतीत बोलून बोलून थकले. शेवटी म्हणले, पेपरात तरी येऊ दे.

बाजाराच्या दिवशी आमी दोघं सोनपेठला पत्रकाराकडं गेलो. त्याचं खताचं दुकान हाय, तिथंच बसून बातम्या करतो. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात लिहीत बसलता. मान वर न करता आमचं ऐकलं आन् म्हणला, "काका, ओढ्याला पाणी हाय ही काय बातमी झाली? पाण्यातून मयत निघाली की मला फोन करा. फोटो पायजे."

माझं डोकंच फिरलं. आमी काय आता कुणी मरायची वाट बघत बसायची का? आण्णांनी माझा हात दाबला. येताना गाडीवर मागून म्हणले, "माझ्या वेळी बोलीव त्याला."

त्याच श्रावणात आण्णा गेले. चुलत्यानं फोन लावला. एरवी ज्याला सवड न्हाई तो गडी आमच्या आधी ओढ्यावर हजर. आमी आण्णांना खांद्यावर घेऊन पाण्यात उतरलो. त्यांचे पाय भिजू न्हाईत म्हणून मी ते खालून वर धरले होते. पलीकडं लागतोय तर हा काठावरून म्हणतो, "जरा मागं फिरा, काकांचा चेहरा आला न्हाई."

आन् आमचीच माणसं थांबली. चुलता म्हणला, "फिर बाबा, पूल तरी होईल." निघालेली मयत मागं फिरवायची नसते, हे मला ह्याच चुलत्यानं शिकवलेलं. मी त्या पत्रकाराला तोंडाला येईल ते बोललो आन् आण्णांना पुढं नेलं.

बातमी आली. त्या वाढदिवसाच्या जाहिरातीतले पुढारी आमच्या घरी भेटायला आलते, त्यांचा फोटो. ओढ्याचं अवाक्षर न्हाई. गावात मात्र आजपण मलाच ऐकवतात, तू चार पावलं मागं आला असता तर पूल झाला असता. लय संताप होतो. ह्यांच्या तोंडाला कोण लागणार?

आईनं आता अंथरूण धरलंय. परवा जवळ बोलावून म्हणली, "देवानं मला उन्हाळ्यात न्यावं. ओढा कोरडा असतो."

घे म्हणावं त्या पत्रकाराला, काढ आता ह्याचा फोटो.