लिफ्टर आणि सुभेदार

त्या वर्षी सौदीतल्या आमच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये माझ्या तोडीचा लिफ्टर नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टर म्हणजे नेटजवळ चेंडू उचलून देणारा. टाळ्या मिळतात त्या स्मॅश मारणाऱ्याला, पण कोणी मारायचं, कुठून आणि केव्हा, हे ठरतं लिफ्टरच्या बोटांवर. दापोलीकडच्या आमच्या बंदरात पुळणीवर खेळत मी जिल्ह्याच्या संघापर्यंत गेलो होतो. रास तनुराला वेल्डर म्हणून आलो तेव्हा ही बोटं बरोबर घेऊन आलो, आणि थोडी गुर्मीही.

आमचे कोच साताऱ्याकडचे. फौजेतून निवृत्त झालेले, फौजेच्या संघातून खेळलेले. सगळे त्यांना सुभेदारच म्हणत. नावाला ते रिगिंगचे फोरमन होते, पण कंपनीने त्यांना आणलं होतं ते संघासाठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आखाती कंपन्यांच्या साहेबलोकांना आपल्या कॅम्पचा संघ जिंकलेला फार आवडायचा. सुभेदार उंच, वाळलेले, ओठांवर पांढरी मिशी. ते मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि प्रत्येक सर्व्हिसच्या आधी मांडीजवळ बोटांनी खूण करायचे. एक बोट म्हणजे चेंडू डावीकडे, दोन म्हणजे मध्ये, तीन म्हणजे उजवीकडे. लिफ्टरने खूण बघायची आणि चेंडू तिथे द्यायचा. विचार करायचं काम त्यांचं, हातांचं काम माझं.

मला ते कधीच पटलं नाही. समोरचा ब्लॉक, म्हणजे नेटवर हात उभारून अडवणारे, कुठे सरकले ते मला दिसायचं, त्यांना नाही. आणि खरं सांगायचं तर मला चेंडू एकालाच द्यायला आवडायचं. गुहागरचा माझा दोस्त डावीकडून मारायचा, आणि त्याने मारलेला चेंडू समोरच्याच्या छातीवर बसला की आख्खा कॅम्प ओरडायचा. बाकीचे चौघे माझ्या हिशेबी फक्त चेंडू उचलायला होते.

इराकने कुवेतवर हल्ला केला त्या, नव्वदच्या ऑगस्टमध्ये आमचे साखळी सामने चालू होते. हायवेवरून लष्करी ट्रक उत्तरेकडे जायला लागले होते. एका शुक्रवारी शेवटच्या सेटमध्ये सुभेदारांनी दोन बोटं दाखवली. मी दोस्ताला दिला. त्याचा स्मॅश ब्लॉक झाला. पुन्हा दोन बोटं. पुन्हा मी दोस्ताला दिला, पुन्हा ब्लॉक. तिसऱ्या वेळी सुभेदारांनी रेफरीकडे हात केला.

"बाहेर ये," ते म्हणाले.

माझं डोकं सटकलं. सगळ्या कॅम्पसमोर मी म्हणालो, "सुभेदार, फौज तिकडे बॉर्डरवर गेलीय. इथे खेळ चाललाय."

काही जण हसले. सुभेदार हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "उद्यापासून तू संघात नाहीस," एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवली. तो सामना आम्ही हरलो, आणि पुढच्याच आठवड्यात सगळी स्पर्धा बेमुदत पुढे ढकलली गेली.

मग कॅम्प रिकामा व्हायला लागला. जो तो कफीलकडून, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडून, पासपोर्ट मिळवायच्या आणि विमानाच्या मागे. माझा दोस्त गेला, संघातले आणखी तिघे गेले. घरून मलाही 'परत ये' म्हणून चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या येत होत्या. मी का थांबलो, असं लोक अजून विचारतात. मी सांगतो, काम अर्धवट होतं. ते खोटं आहे. 'संघातून काढलेला' म्हणून मला घरी जायचं नव्हतं. मिसाइलच्या भीतीपेक्षा तो राग मोठा होता. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी मी वर्कशॉपमध्ये जॉइंट मारत होतो. हेल्मेट वर केलं तर समोर सुभेदार.

"संघात यायचंय?"

"तुम्हाला लिफ्टर मिळत नाही म्हणून विचारताय," मी म्हणालो.

"हो," ते म्हणाले. "मिळत नाही."

इतकं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं.

"पण अट आहे," ते पुढे म्हणाले. "नवीन माणसं घेतलीत. रोज प्रत्येकाला पन्नास चेंडू उचलून द्यायचे. आधी त्यांना, मग बाकी सगळं."

नवीन माणसं कोण, तर एक मेसचा मल्याळी आचारी, ज्याला सगळे चेटा म्हणत. चाळिशीचा, पोट सुटलेला, पण हात फावड्यासारखे. दुसरा स्टोअरचा फिलिपिनो, बास्केटबॉल खेळलेला, उडी चांगली पण चेंडू पकडायलाच बघायचा. मी कपाळाला हात लावला. तरी गेलो. खेळल्याशिवाय मला करमत नव्हतं, हे सुभेदारांना माझ्याआधी कळलं होतं.

ते महिने मी चरफडत काढले. ड्यूटी सुटली की मेसमागच्या मैदानावर जायचं. तिथले खांब चार इंची पाइपचे, मीच वेल्ड केलेले. चेटाला पन्नास, स्टोअरवाल्याला पन्नास, उरलेल्यांना पन्नास. चेटा सुरुवातीला दहातले आठ चेंडू नेटमध्ये मारायचा आणि प्रत्येक वेळी 'सॉरी भाई' म्हणायचा. मी मुद्दाम अवघड चेंडू दिले की सुभेदार लांबून ओरडायचे, "त्याला नाही, तुला शिकायचंय!" मला वाटायचं, काय शिकायचंय? पण हळूहळू बोटांना कळायला लागलं. चेटाला चेंडू नेटपासून हातभर लांब आणि संथ लागतो. स्टोअरवाल्याला उंच लागतो. आधीपासून संघात असलेल्या, उजवीकडच्या पंजाबी फिटरला उडी घेतल्यावरच चेंडू हवा असतो, आधी दिला तर तो घाबरतो. दोस्ताला चेंडू देताना मी हे कधी बघितलंच नव्हतं. तो कसाही मारायचा.

जानेवारीत युद्ध पेटलं. भोंगे वाजायला लागले. कंपनीने विषारी वायूपासून वाचायचे मास्क वाटले. एकदा सराव चालू असतानाच भरदुपारी भोंगा झाला. आम्ही धावत मेसमध्ये शिरलो आणि टेबलांखाली बसलो. माझ्या मास्कचा पट्टा लागत नव्हता. कोणीतरी मागून तो ओढून घट्ट केला. वळून बघतो तर सुभेदार. कामाशिवाय आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. मास्कमधून त्यांचा आवाज आला, "चेंडू उचलताना कोपर अजून खाली ठेवतोस."

मला हसू आलं. मास्कमध्ये हसलं की काच धुरकट होते. चेटा शेजारी बसला होता, त्याला वाटलं मी रडतोय, म्हणून तो माझी पाठ थोपटत राहिला. मग मला थांबताच येईना.

फेब्रुवारीच्या शेवटी लढाई थांबली. कुवेतच्या पेटलेल्या विहिरींचा धूर वारा फिरला की आमच्यापर्यंत यायचा. दुपारी गाड्या दिवे लावून चालायच्या. दोरीवर वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे. तशातच कंपन्यांनी ठरवलं, लोकांचं मन रमावं म्हणून स्पर्धा पुन्हा घ्यायची, रमजान लागायच्या आत. बरेच संघ फुटलेले होते, त्यामुळे दोन सामने जिंकून आम्ही अंतिम फेरीत पोहोचलो. समोर दम्मामकडचा एक कॅम्प. त्यांच्यातलं कोणी परत गेलंच नव्हतं. पूर्ण संघ, सगळे केरळचे तगडे. त्यांचा कोच सुभेदारांबरोबर फौजेत एकाच संघात खेळलेला. दोघांनी मैदानावर एकमेकांना मिठी मारली.

शुक्रवार, नमाजनंतरची दुपार. आमच्या पांढऱ्या बनियनवर चेंडूचे काजळीचे ठसे उठत होते. मी सुभेदारांच्या खुणा पाळत होतो, अगदी इमानदारीने. आणि जिथे चेंडू द्यावा तिथे त्यांचे दोन-दोन ब्लॉकर हात वर करून आधीच उभे. पहिला सेट आम्ही सहा गुणांवर हरलो.

सेट संपल्यावर चेटा माझ्याजवळ आला. घाम पुसत हळूच म्हणाला, "भाई, वो उनका कोच मलयालम में बोलता है. लेफ्ट, बीच में, राइट. तुम उठाता है उसके पहले."

मला सगळं लख्ख समजलं. बोटांच्या त्या खुणा फौजेतल्याच होत्या. मी तडक सुभेदारांकडे गेलो.

"तुमच्या खुणा त्यांना वाचता येतायत."

"कोण म्हणतं?"

"चेटा म्हणतो. त्यांचा कोच मल्याळीत ओरडून सांगतोय."

सुभेदारांनी समोर बघितलं. त्यांचा जुना सोबती पाणी पीत होता. सुभेदारांचा चेहरा लाल झाला. "मग खुणा बदलू. एक म्हणजे उजवीकडे..."

"नको," मी म्हणालो. "खुणाच नकोत. तिघांनी प्रत्येक वेळी धावायचं, तिघांनी उडी मारायची. कोणाला द्यायचा ते मी चेंडू हातात आल्यावर ठरवीन."

"चेंडू येणार की नाही हे ज्याला माहीत नाही, तो उडी मारेल कशाला?"

"मारतील."

"मागच्या वर्षी तुझ्यासाठी कोणी मारली असती?"

खरंच, मागच्या वर्षी कोणी मारली नसती. सगळ्यांना ठाऊक होतं की चेंडू एकाकडेच जाणार. मी मागे वळून बघितलं. चेटा, स्टोअरवाला, पंजाबी फिटर, तिघे आमच्या तोंडाकडे बघत उभे होते. चार महिने रोज पन्नास-पन्नास चेंडू.

"मागच्या वर्षीचं सोडा," मी म्हणालो. "ह्या वर्षी मारतील. तुम्हीच तयार केलेत त्यांना."

शिट्टी वाजली. सुभेदारांनी खुणेची बोटं मुठीत मिटली. मग म्हणाले, "जा. चालव तुला हवं तसं." आणि मैदानाची कड सोडून मागे बाकावर जाऊन बसले. त्यांना सामन्यात बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

दुसऱ्या सेटमध्ये समोरच्यांना काही सुधरेना. तिघे एकदम धावले की त्यांचे ब्लॉकर इकडे बघू की तिकडे असे व्हायचे, आणि त्यांचा कोच ओरडणार तरी काय? तो सेट आम्ही आरामात घेतला. आमच्या कॅम्पचे लोक मेसची रिकामी पिंपं बडवायला लागले.

तिसऱ्यात ते सावरले. अकरा-सहाने पुढे गेले. माझे खांदे भरून आले होते. टाइमआउट घ्यावा म्हणून मी बाकाकडे बघितलं. सुभेदारांनी मान हलवून 'नाही' म्हटलं, आणि बसल्या जागेवरून हातानेच सांगितलं, चालू दे. तेव्हा मला कळलं की त्या माणसाने खरोखरच सगळं माझ्या हवाली केलंय. अंगात काय शिरलं कोण जाणे. तेव्हा सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळायचा; आम्ही सर्व्हिस परत मिळवली. स्टोअरवाल्याने मधून मारला. फिटरने उजवीकडून मारला. पुन्हा स्टोअरवाला. सात, आठ, नऊ. समोरच्यांनी सर्व्हिस घेतली, आम्ही ती परत हिसकावली. त्यानंतर त्यांना एकही गुण मिळाला नाही. चौदा-अकरा झालं तेव्हा मला पिंपांचा आवाजही ऐकू येत नव्हता.

शेवटचा चेंडू मागून वाकडा आला. मी धावत जाऊन त्याच्याखाली पोहोचलो. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, तिघेही धावतायत. डावीकडून चेटासुद्धा. त्या सेटमध्ये मी त्याला फारसा चेंडू दिला नव्हता आणि त्याचे गुडघे दुखत होते, तरी तो पोट सावरत धावत होता, चेंडू आपल्यालाच येणार असं समजून. समोरचे दोन्ही ब्लॉकर स्टोअरवाल्याकडे सरकले. मी चेंडू पाठीमागे सोडला, नेटपासून हातभर लांब, संथ. चेटाने तो फावड्यासारख्या हाताने असा हाणला की समोरच्या कोर्टावर पडल्याचा आवाज मेसच्या भिंतीवर आपटून परत आला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. लोकांनी चेटाला उचललं, तो ओरडत होता की खाली ठेवा, भात लागेल. पंजाबी फिटर माझ्या गळ्यात पडून रडत होता. समोरचा कोच आला, सुभेदारांना म्हणाला, "आखिर में क्या इशारा बदला, यार?" सुभेदार म्हणाले, "इशारा बंद कर दिया." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांसमोर. मला एवढा मान आयुष्यात फार कमी वेळा मिळालाय.

त्या संध्याकाळी चषकात चहा ओतून आम्ही आळीपाळीने प्यायलो. काजळीने सगळ्यांची तोंडं काळी, दात तेवढे पांढरे. मग मी टेलिफोनच्या रांगेत उभा राहिलो आणि दापोलीला एका दुकानात फोन लावला. अब्बा तिथे दर शुक्रवारी बसलेले असायचे.

"अब्बा, जिंकलो!" मी ओरडलो.

"माहीत आहे रे, रेडिओवर ऐकलं," अब्बा म्हणाले. "कुवेत सुटलं ना?"

"कुवेत नाही अब्बा, आम्ही! पंधरा-अकरा!"

मग त्यांनी दुकानातल्या लोकांना सांगितलेलं मला ऐकू आलं, "पोरगा ठीक आहे. खेळतोय."

सुभेदार त्यानंतर तीन वर्षं आमचे कोच होते. आम्ही प्रत्येक सामन्याला भांडलो. कोण खेळणार यावरून, सरावाच्या वेळेवरून, माझ्या कोपरावरून. एकदा तर त्यांनी मला पुन्हा एका सामन्यापुरतं बसवलं, आणि ते बरोबरच होतं. पण बोटांची खूण त्यांनी पुन्हा कधी केली नाही. चषक आम्ही आणखी दोनदा आणला.