मार्तंड घाडीचं गाऱ्हाणं

कांदिवलीच्या हॉलमध्ये कातळवणे ग्रामस्थ मंडळाची वार्षिक पूजा होती आणि मार्तंड घाडी सकाळपासून धुमसत होता. यंदा त्याचं कोकणातलं गाव शेजारच्या सावरबंदर नगरपंचायतीत विलीन झालं होतं. घरी, नाक्यावर, साकीनाक्याच्या वर्कशॉपात त्याचं एकच पालुपद चालू होतं, "त्या मेल्या सावरबंदरने आमचं गाव गिळलं!"

"काका, मंडळाच्या पाटीवर पण आता सावरबंदरच टाकूया ना," सेक्रेटरी सुबोध म्हणाला.

"देवाक काय ठराव वाचून दाखवू?" मार्तंड खेकसला. "गाऱ्हाण्यात माझ्या कातळवण्याचाच नाव येतला!"

सगळ्या गावातर्फे देवाला गाऱ्हाणं घालायचा मान घाडी घराण्याचा. मार्तंडने नारळ हातात धरला, डोळे मिटले.

"बा देवा महाराजा, तुझी लेकरां पोटासाठी मुंबयक इली..."

"व्हय महाराजा!" सगळे गरजले.

"आमच्या सावरबंदर गावाची राखण कर रे महाराजा!"

शब्द सुटला आणि मार्तंडने जीभ चावली. आता कोणीतरी ओरडेल, अडवेल, निदान हसेल तरी, म्हणून त्याने डोळे उघडले.

"व्हय महाराजा!" अख्खा हॉल तितक्याच जोरात गरजला.