सोमवारची गोळी

माझी आई धवलारीण. टोकावड्याच्या आसपास कुणाकडे हळद लागली की धवळे गायला तिलाच बोलावणं. माईकची गरज तिला कधी पडली नाही. त्या बाईचा आवाज बसला, पाण्याचा घोट घेतानाही डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा माझ्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. नातीचे धवळे मीच गाणार, हे आईने सगळ्या गावात सांगून ठेवलेलं.

तिला शुगर. त्यापायी तोंडात, घशात सारखी पांढरी बुरशी धरायची. ती परत येऊ नये म्हणून मुरबाडच्या डॉक्टरांनी आठवड्याला एक गोळी लावून दिली होती. आईने तिचा वार सोमवार ठरवला. एक वेळ उपवास मोडेल, पण गोळी चुकायची नाही. दोन वर्षं ती गोळी देवाला फूल वाहावं तशी घेत आली.

या वेळी तिला शहापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घशातला नमुना तपासायला पाठवला. रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघी गेलो तो सोमवारच होता.

"या बुरशीवर ही गोळी आता चालत नाही," त्या म्हणाल्या.

मी आईवरच भडकले. "गोळ्या चुकवल्यास ना?"

"एक बी चुकवली नाय गो!" तिचा घोगरा आवाज फाटला.

"चूक त्यांची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळीने मरणारी बुरशी मेली. जी मरत नव्हती ती उरली आणि तीच वाढली. औषध फार काळ चाललं की असं होऊ शकतं."

औषधं अर्धवट टाकून आजार वाढवून घेतलेली माणसं मी ढिगाने पाहिली होती. पण इमानाने घेऊनही? हा कुठला न्याय? मुरबाडच्या डॉक्टरांचंही काही चुकलं नव्हतं. राग काढायला माणूसच सापडेना.

आता शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागणार होती, रोज, दवाखान्यात ठेवून. म्हणजे हळदीच्या दिवशी आई इथे, पलंगावर. हे तिला कळलं असणारच. ती आता धवळ्यांचं विचारणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसले.

आईने पिशवीतून गोळी काढली आणि डॉक्टरीणबाईंपुढे हात पसरला.

"मंग आजची ही घेऊ का नको?"