संत्र्यांचा मॅनेजर

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात मोरेश्वर डबीरांसमोर कुणी फुटबॉलला ‘सॉकर’ म्हटलं, तर त्याला दुसरा चहा मिळत नाही. वय सदुसष्ट, मूळ नागपूरचे. तिथल्या एका बँकेच्या संघातून ते अकरा वर्षं लेफ्ट-हाफ खेळले. कारकिर्दीत गोल एकच, तोही स्वतःच्याच जाळ्यात. “पण शॉट काय होता बाप्पा!” असं ते आजही डोळे मिटून सांगतात.

बँकेच्या क्लबात त्यांना एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. त्यात शंभर वर्षांपूर्वीचा कुणी इंग्लिश खेळाडू होता. गुडघा गेल्यावर मॅनेजर झालेला. पहिली पानं वाळवीने खाल्ल्यामुळे त्या सद्गृहस्थाचं नाव मोरेश्वररावांना अजून ठाऊक नाही. ते त्याला नुसतं ‘साहेब’ म्हणतात. साहेब हॅट घालायचा आणि शनिवारी सकाळी शिसपेन्सिलीने संघाची अकरा नावं लिहून भिंतीवर लावायचा. त्यावर कुणी ब्र काढत नसे. आपणही एकदा मॅनेजर व्हावं, आपण लिहिलेली नावं मैदानात उतरावीत, एवढी एकच इच्छा मोरेश्वररावांनी जन्मभर जपली. ते मुलाकडे अमेरिकेत आले, तेव्हा बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी साहेब होता.

गेल्या वर्षी नात इशिताच्या संघाचा ईमेल आला : ‘टीम मॅनेजर हवा आहे.’ दहा-अकरा वर्षांच्या मुलींचा संघ. मोरेश्वररावांनी मुलालासुद्धा न विचारता अडीच मिनिटांत पद स्वीकारल्याचं कळवलं.

शनिवारी ते कोट-हॅट घालून मैदानावर हजर. कोच देव हा मिशिगनमध्येच जन्मलेला सव्वीस वर्षांचा मुलगा. गरम बटाटा तोंडात धरावा तसं तो मराठी बोलतो.

“हाय काका! ऑरेंजेस आणले?”

“संत्री? कशाला?”

“हाफटाइमला. तुम्ही मॅनेजर ना?”

तेव्हा उलगडा झाला. इथे संघ निवडतो तो कोच. मॅनेजर ईमेल पाठवतो, मुलींची ओळखपत्रं सांभाळतो आणि संत्री आणतो.

“चाळीस वर्षं वाट बघितली आणि मिळालं काय, तर संत्री!” त्यांच्या पत्नी पद्मिनीकाकू घरी म्हणाल्या. “ती काय नागपुरात कमी होती?”

मोरेश्वरराव राजीनामाच देणार होते. पण त्या दिवशी घाईने कुणाच्या तरी आईने सुरीने कापलेल्या फोडी आणल्या आणि त्यांच्यातला नागपूरकर खवळला. “हे संत्रं नव्हे, मोसंबं आहे! आणि संत्र्याला सुरी लावतं का कोणी?” तेव्हापासून दर शनिवारी ते हाताने सोललेली, शिरा काढलेली संत्री डब्यातून आणू लागले. खिशात मात्र शिसपेन्सिलीने लिहिलेली नऊ नावंही असायची, कारण लहान मुलींच्या संघात नऊजणीच खेळतात. पूर्ण सीझनभर ती यादी कुणीही मागितली नाही.

शेवटची मॅच. हरलो तर खालच्या गटात. हाफटाइमला दोन-शून्यने मागे, आणि तेवढ्यात देव रेफरीला असं काही बोलला की रेफरीने थेट लाल कार्ड काढलं. नियम असा, की कडेला अधिकृत बिल्लेवाला मोठा माणूस हवाच, नाहीतर सामना गमावलात. देवशिवाय बिल्ला एकाच गळ्यात होता, मॅनेजरच्या.

“काका, आता तुम्हीच,” असं म्हणून देव पार्किंगकडे चालू लागला.

मोरेश्वररावांनी खिशातून कागद काढला आणि नऊ नावं वाचली.

“आजोबा, आय अ‍ॅम नॉट ऑन इट!” इशिता किंचाळली.

“यादीवर बोलायचं नाही. बस तिकडे.” मग बाकीच्यांना, “पोरींनो, तुम्ही बॉलमागे पळून राहिल्या, गुळामागे मुंगळे पळतात तशा!”

“व्हॉट इज मुंगळे?” रुहीने विचारलं.

मोरेश्वररावांनी कपाळावर हात मारला. मग डबा उघडला आणि झाकणावर नऊ फोडी मांडल्या. “ही रुही. इथून हलणार नाही.”

“दॅट्स मी? कॅन आय ईट मी?”

“मॅच संपेपर्यंत तुला कुणीही खायचं नाही!”

एवढ्यात रुसलेल्या इशिताने हात घालून एक फोड तोंडात टाकली.

“शी एट द गोली!” सगळ्या ओरडल्या.

“बघा!” मोरेश्वरराव गरजले. “गोलकीपर जागेवर नसला की काय होतं!”

हे मात्र सगळ्यांना कळलं. जी जागा सोडेल तिची फोड इशिता खाणार, असं ठरलं. इशिता झाकण घेऊन कडेला बसली आणि आशाळभूतपणे प्रत्येकीवर नजर ठेवू लागली. पोरी जागेला खिळल्या. सामना दोन-दोन असा सुटला, गट वाचला. इशिताला दुसरी एकही फोड मिळाली नाही.

“नातीला बाहेर बसवलंत?” पद्मिनीकाकू म्हणाल्या. “आज तुम्हीही बाहेरच जेवा.” मोरेश्वरराव अंगणात हॅट घालून पिठलं-भात जेवले.

नव्या सीझनला देवने त्यांना असिस्टंट कोच व्हायला विचारलं. मोरेश्वरराव दुखावलेच. “मॅनेजरला असिस्टंट करता? ही बढती की बदली?” त्यांनी नकार दिला.

“ओके काका,” देव म्हणाला. “पण ती लिस्ट देत जाल?”

दर शनिवारी आता ते यादी देतात. ती त्यांनी मुद्दाम मराठीत लिहिलेली असते, आणि आमच्या देवाला देवनागरी वाचता येत नाही. त्यामुळे मोरेश्वररावांना संत्र्यांचा डबा बाजूला ठेवून, हॅट सावरत, भर मैदानात त्याच्याशेजारी उभं राहून नऊ नावं मोठ्याने वाचावी लागतात.