ट्रंकेच्या मापाचा टीव्ही

"आई, सोफ्यापासून भिंत किती लांब? त्यावर टीव्हीची साइझ ठरते," मुलगा फोनवर म्हणाला. मी टेप उलगडली.

पहिला टीव्ही घेताना चंदीगडच्या दुकानदारानंही विचारलं होतं, "कमरा कितना बड़ा है, बहनजी?" मी त्याला काळ्या ट्रंकेचं माप सांगितलं. फौजेत बदली ठरलेलीच. ट्रंकेत मावेल तोच टीव्ही आपला. चौदा इंची घेतला.

आमचे हे तेव्हा अमृतसरकडे बंदोबस्तावर होते. एका संध्याकाळी बाहेर कर्फ्यू होता. बातम्यांत जवान दिसले, तशी मी खुर्ची पडद्याला भिडवली. नखाएवढे चेहरे. यातले हे कुठले, काही केल्या कळेना. मोठा का नाही घेतला, म्हणून स्वतःवरच चिडले.

"अकरा फूट," मी मुलाला सांगितलं.

"मग पंचावन्न इंची पाठवतो."

त्यावर माणूस सहज ओळखू येईल. हे जाऊन सहा वर्षं झाली.